चक्रवाकाला ब्राह्मण कुणी केलं?



मागच्या महिन्यात एका जुन्या कार्यकर्त्या मित्राने मला फोनवर चांगलेच फैलावर घेतले. म्हणाला, "गायरानावरच्या झोपड्यांना नोटिसा निघाल्यात, वसतिगृहाची पोरं स्कॉलरशिपसाठी रस्त्यावर आहेत, आणि तुम्ही रविवारी नांदूरला जाऊन बदकं मोजताय? हे छंद पोट भरलेल्यांचे, साहेब." 'साहेब' त्याने मुद्दाम म्हटले. वीस वर्षे आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो.

फोनवर मला उत्तर सुचले नाही. त्याचे अर्धे म्हणणे खरे होते, हे त्याचे कारण. उरलेल्या अर्ध्याबद्दल आज लिहितो आहे.

माझ्या बहिणीची मुलगी वनरक्षक भरतीची तयारी करते आहे. धावण्यात ती पक्की आहे, सामान्य ज्ञानात अडते. जानेवारीत म्हणाली, "मामा, पुस्तकातली चित्रं बघून पक्षी डोक्यात राहत नाहीत. तुम्ही न्या ना मला एकदा." म्हणून पहाटे मोटारसायकलवर निघालो. येवल्याहून विंचूर, निफाड करत नांदूर मध्यमेश्वर. निफाडची थंडी ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या, आणि भाचीने माझे मफलर केव्हाच ताब्यात घेतलेले.

नांदूर मध्यमेश्वर ही काही निसर्गाने आयती दिलेली जागा नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दगडी बंधारा बांधला तो कालव्यांसाठी. इथूनच गोदावरीचा डावा आणि उजवा कालवा निघतो आणि कोपरगाव-राहात्याच्या उसाला पाणी देतो. वरच्या गंगापूर, दारणा धरणांतून सोडलेले पाणी इथे अडते आणि पुढे वळते. शंभर वर्षे नदीने आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. पाणी उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली, पाणकणीस माजले, पाणवनस्पतींचे गालिचे पसरले. इंजिनिअरच्या हिशेबात हा तोटा, कारण साठवण कमी झाली. पक्ष्यांच्या हिशेबात हीच मेजवानी. सलीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. १९८६ साली अभयारण्य झाले, आणि २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत नाव जाहीर झाले. त्या यादीतली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी इथे नोंदले गेले आहेत.

आपल्या भाषणांत 'दलदल' हा शब्द शिवीसारखा येतो. राजकारणाची दलदल, जातीयतेची दलदल. मीही हजारदा वापरला असेल. पण चापडगावच्या मनोऱ्यावर उभे राहिल्यावर कळते की दलदल हे जिवंत पाणी आहे. धुके विरळ होऊ लागले तसा आधी आवाज आला, मग पक्षी दिसले. काठाला लागून वारकरी, काळेकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा. पाणकणसात जांभळी पाणकोंबडी, लांबसडक लाल पायांनी देठ धरून खाणारी. मोकळ्या पाण्यात थापट्या बदके, फावड्यासारखी चोच पाण्यात फिरवून गाळून खाणारी. पलीकडे तलवार बदके, भुवई बदके. ही मंडळी हिमालय ओलांडून येतात. चिखलात शेकाटे. आणि वरून दलदली भोवत्याने एक चक्कर मारली की सगळे पाणी एकदम उठते आणि पुन्हा बसते.

भाची म्हणाली, "मामा, ह्यांच्यात भांडणं नाहीत ना?" तेवढ्यात दोन वारकऱ्यांनी पाय उगारून एकमेकांना झोडायला सुरुवात केली. बरे झाले. 'पाखरांना जात नसते, माणसालाच असते' असली वाक्ये पोस्टरवर शोभतात. मी पक्ष्यांकडून समता शिकायला जात नाही. ती शिकवायला आपल्याकडे बाप आहे.

काठाजवळ एक टिबुकली बुडी मारत होती. इवलासा पक्षी, आता इथे बुडाला की दहा हातांवर वर येतो. मला आजी आठवली. आजी येवल्याकडच्या कोरडवाहू गावातली. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबली. तिच्या तरुणपणी गावच्या विहिरीवर हात लावायची सोय नव्हती. वरच्या कुणाला दया आली तर त्याने वरून ओतायचे, हिने खाली घागर धरायची. नाही आली दया तर बसून राहायचे. पुढे पालखेडचा कालवा आला, आणि तिने पहिल्यांदा वाहत्या पाण्यात कुणाला न विचारता हात घातला. टिबुकली बघून ती म्हणायची, "ह्या रांडेला कोण इचारतंय, कुठल्या पाण्यात बुडी मारली म्हून?" शिवी प्रेमाची होती. त्यातला हेवा मला फार उशिरा कळला.

आता त्या दिवशी जे घडले ते सांगतो. मोठे काही नाही, आणि कुणी वाईट वागले असेही म्हणता येणार नाही.

मनोऱ्यावर शहरातून आलेला एक गट होता. हातभर लांबीच्या लेन्स, हिरवे-तपकिरी कपडे. त्यांतल्या एका गृहस्थांनी भाचीला विचारले, "गाईड आहेस का तू?" ती म्हणाली, "नाही, पक्षी बघायला आलेय." ते हसून म्हणाले, "अरे वा! नाव काय?" तिने सांगितले. "पूर्ण नाव?" तिने आडनावासकट सांगितले. क्षणभर गप्प राहून ते म्हणाले, "छान. तुमच्या लोकांनीही यात यायला पाहिजे." आणि मग, अगदी मनापासून, स्वतःच्या दुर्बिणीतून तिला लांबच्या बेटावरची एक जोडी दाखवली. "ते केशरी दिसतायत ना? ब्राह्मणी बदक. यंदा बरीच आलीत."

भाचीने बघितले. दुर्बीण परत केली. आभार मानले. खाली उतरल्यावर मला दोनच प्रश्न विचारले. पहिला, "तुमचे लोक म्हणजे कोण, मामा?" दुसरा, "बदकाला पण?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिला माहीत आहे, तुम्हालाही. दुसऱ्यासाठी मी घरी येऊन चार पुस्तके काढली.

मित्रांनो, आपल्या बोलीतली पक्ष्यांची नावे घ्या. लाकूड टोचणारा सुतार. पाने शिवून घरटे करणारा शिंपी. भांडे ठोकल्यासारखा टुक-टुक करणारा तांबट. पाण्याकाठी शेपूट आपटत फिरणारा धोबी. शिकार काट्याला टांगणारा खाटीक. मासे धरणारा धीवर. पाखरांमध्ये दरारा ठेवणारा कोतवाल. जवळजवळ अख्खे बलुते झाडावर बसले आहे! पहिल्यांदा ही यादी केली तेव्हा मला रागच आला होता, की जात आकाशातही सोडत नाही. पण पुन्हा विचार केल्यावर राग थोडा निवळला. ही नावे ज्यांनी ठेवली त्यांनी पक्ष्याचे काम पाहून ठेवली. पाने शिवतो म्हणून शिंपी. त्यात पक्ष्याबद्दल कौतुक आहे, आणि शिंप्याबद्दलही. ती नावे शेतात, रानात वावरणाऱ्या, हाताने काम करणाऱ्या माणसांच्या डोळ्यांची आहेत.

आता दुसरी नावे बघा. भारतात इंग्रजीत छापलेल्या जुन्या पक्षी-पुस्तकांत दोन घारी आहेत. एक तपकिरी, गावात-शहरात कुठेही दिसणारी. तिचे नाव 'पारिया काइट'. दुसरी विटकरी अंगाची, पांढऱ्या डोक्याची, किनाऱ्यावर आणि मोठ्या पाण्यावर दिसणारी. तिचे नाव 'ब्राह्मिनी काइट', आपल्याकडे ब्राह्मणी घार. पारिया म्हणजे तमिळनाडूतले परैयर. पराई नावाचा ढोल वाजवणारा समाज. ज्या समाजातून अयोथी दास आले आणि १८९८ साली शाक्य बौद्ध संघ काढून म्हणाले की आम्ही मुळातले बौद्ध आहोत. त्या समाजाचे नाव इंग्रजीने उचलले आणि 'बहिष्कृत' या अर्थाचा शब्द म्हणून जगभर फिरवले. तेच नाव घारीला लावले, कारण ती घाणीवर, मढ्यावर, उकिरड्यावर जगते.

आणि ब्राह्मणी घार काय खाते? मेलेले मासे, खेकडे, बंदरावरचा कचरा. तीही प्रामुख्याने सफाईच करते. दर वर्षी २० मार्चला महाडला गेलो की मी हे डोळ्यांनी बघतो. खाडीकाठी मासळीच्या टाकलेल्या आतड्यांवर दोन्ही घारी उतरतात. काम एक, अन्न एक, उकिरडा एक. पण रंग उजळ, डोके पांढरे, आणि लोकांनी विष्णूच्या गरुडाशी जोडलेली, म्हणून एक ब्राह्मण, आणि दुसरी पारिया.

बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये सांगितले की जात म्हणजे नुसती श्रमांची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे. विद्यार्थ्यांना हे वाक्य समजावताना मी वर्षानुवर्षे घसा कोरडा केला. आता या दोन घारी दाखवतो. शिंपी हे नाव श्रमावरून पडले. ब्राह्मणी आणि पारिया ही नावे दर्जावरून पडली. फरक तिथे कळतो.

गंमत अशी की तपकिरी घारीला शास्त्रीय नाव देताना कर्नल साइक्सने १८३२ मध्ये, दख्खनमधल्याच नमुन्यावरून, 'गोविंदा' हा शब्द वापरला. शास्त्रात गोविंदा, पुस्तकात पारिया! आता पुस्तकांत 'ब्लॅक काइट' छापतात. जुने नाव गुपचूप गेले. का गेले याची चर्चा आपल्याकडे झालेली माझ्या ऐकिवात नाही.

आणि ते केशरी बदक. त्याचे नाव चक्रवाक. हे नाव आजकालचे नाही. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात, मारायला बंदी केलेल्या प्राण्यांची यादी आहे. त्यात पोपट आहे, मैना आहे, हंस आहे, आणि चक्रवाक आहे. बावीसशे वर्षांपूर्वी, दगडावर, त्याच्या स्वतःच्या नावाने. हा पक्षी उन्हाळ्यात लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर पिल्ले काढतो आणि हिवाळ्यात खाली येतो. तिथल्या बौद्ध प्रदेशांत त्याला पवित्र मानतात, त्यामुळे त्याला मारत नाहीत. त्याच्या रंगाकडे नीट बघा, चीवराचा रंग आहे तो. बौद्ध मुलखात जन्मलेला, बौद्ध सम्राटाने अभय दिलेला, चीवराच्या रंगाचा पक्षी गोदावरीवर उतरतो आणि त्याचे नाव होते ब्राह्मणी बदक. लेणी असोत, विहार असोत की बदक, पद्धत एकच.

मला माहीत आहे, कुणीतरी म्हणेल की नावात काय आहे. मी म्हणतो, मग बदलायला काय हरकत आहे? अमेरिकेत २०२० साली मॅककाऊन नावाच्या सेनापतीचे नाव एका पक्ष्याला होते ते काढले, कारण तो गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या बाजूने लढला होता. २०२३ मध्ये तिथल्या पक्षीशास्त्रज्ञांच्या संस्थेने व्यक्तींवरून पडलेली सगळीच इंग्रजी नावे बदलायचे ठरवले. त्यामागे एक घटना आहे. २०२० च्या २५ मे रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर हा कृष्णवर्णीय माणूस दुर्बीण घेऊन पक्षी बघत होता. त्याने एका गोऱ्या बाईला कुत्रा बांधायला सांगितले, तर तिने एक काळा माणूस धमकावतोय म्हणून पोलिसांना फोन केला. त्याच दिवशी जॉर्ज फ्लॉइड मारला गेला. त्यानंतर तिथल्या काळ्या पक्षीनिरीक्षकांनी आपला स्वतंत्र आठवडा साजरा करायला सुरुवात केली. आम्हीही इथे आहोत, एवढेच त्यांना सांगायचे होते. त्यांना कुणी पोट भरलेले म्हटले नाही.

आपल्याला तर नवे शब्द शोधायचेही कष्ट नाहीत. ब्राह्मणी मैनेला मराठीत भांगपाडी मैना म्हणतात. डोक्यावरची काळी झुलपे भांग पाडल्यासारखी दिसतात म्हणून. किती सुंदर शब्द आहे! चक्रवाक आहेच.

आता मित्राच्या अर्ध्या खऱ्या म्हणण्याकडे येतो. निसर्गप्रेमाच्या नावाखाली गरिबाला हुसकावणे या देशात झाले आहे. १९८२ साली भरतपूरला राष्ट्रीय उद्यान करताना गुरे चारायला एकदम बंदी घातली. लोकांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे मेली. आणि झाले काय? म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत बेसुमार माजले, उघडे पाणी कमी झाले, पक्ष्यांचीच पंचाईत झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून पुढे आले की म्हशींचे चरणे त्या पाणथळीला उपकारक होते. ज्यांना अडाणी समजून बाहेर काढले ते त्या दलदलीचा भाग होते. तज्ज्ञांना ते माणसे मेल्यावर कळले.

नांदूरलाही प्रश्न आहेत. बागायतदाराला पाणी हवे, मासे धरणाऱ्याला जाळे टाकायचे आहे, वरून नाशिक शहराचे सांडपाणी गोदावरीत येते आणि पाणवेली माजते. निफाडच्या उसात बिबट्या राहतो. बातमीत 'बिबट्याची दहशत' असते, पण उसाच्या कडेला उघड्या पालात झोपते कोण? ऊसतोडीला आलेले. पहाटे शेतात पाणी भरायला जाते कोण? सालगडी. बिबट्यावर प्रेम करणारा बंद गाडीतून येतो आणि बिबट्याचे मोल उघड्यावर झोपणारा देतो. म्हणून मला वाटते, वनखात्याच्या बैठकीत पालात झोपलेल्या घरातली पोरगी खुर्चीवर पाहिजे. भाचीची भरती मला त्यासाठी महत्त्वाची वाटते. नोकरी तर हवीच, तिच्या घराला तिची गरज आहे.

पाणी हा तर आपला पहिला लढा. १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ ला महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे कागदावर लिहिले, तरी १९२७ पर्यंत आपल्यातला माणूस चवदार तळ्यावर गेला नव्हता. गुरांना मज्जाव नव्हता. पाखरांना तर कोण अडवणार? बाबासाहेबांनी ओंजळ भरली, आणि मागाहून त्यांनी तळे शेणामुताने 'शुद्ध' केले. तळ्याचा हक्क हायकोर्टात कायम व्हायला १९३७ उजाडले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत हे न देता रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेला वाद हे दिले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना नदीखोऱ्यांच्या योजना त्यांनीच हाती घेतल्या. पाण्याकाठी उभे राहून बघणे हा आपला विषय नाही, असे कोण म्हणते?

मित्राला आणखी एक सांगायचे आहे. आपल्या बापजाद्यांनी जंगल, नदी, मढे, कातडे, सगळे जवळून पाहिले. पण राबण्यासाठी पाहिले. नुसते बघण्यासाठी, कुणी हाकलणार नाही अशा खात्रीने, तासभर पाण्याकाठी बसणे त्यांच्या वाट्याला आले नाही. आजीला टिबुकली आवडायची, पण ती बघायला थांबली तर मुकादम खाडा धरायचा. गायरानाच्या मोर्चाला मी येणारच आहे, शनिवारी, ठरल्याप्रमाणे. रविवार माझा आहे. तो आजीचाही आहे.

परतताना निफाडच्या स्टँडवर चहा घेतला. भाचीने वही काढली. त्या दिवशीचे चौतीस पक्षी तिने लिहिले होते. चक्रवाकाच्या ओळीपुढे तिने एक फुली मारून ठेवली होती. विचारले तर म्हणाली, "पेपरात पर्याय काय देतात बघावं लागेल मामा. मार्क जायला नकोत." मी हसलो, पण तिचे बरोबर होते. म्हणून मी तिला दोन्ही नावे पाठ करून घेतली.

२ फेब्रुवारीला पाणथळ दिन असतो. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी करार झाला, तो दिवस. त्या आठवड्यातल्या रविवारी आमच्या विहारातली अकरा पोरे-पोरी नांदूरला न्यायची ठरली आहेत. पिकअप मिळाली आहे, डिझेलचे पैसे वर्गणीतून निघतील, भाकरी प्रत्येकाने घरून आणायची. अडचण दुर्बिणींची आहे. आमच्याकडे दोनच आहेत, त्यांतल्या एकीची डावी काच धूसर आहे. कुणाच्या घरात जुनी पडून असेल तर एका दिवसासाठी द्या. सांभाळून परत करू.